मशीन आलं, समजावणार कोण?
एकांचं म्हणणं आहे की जनुकीय तपासणी (आईवडिलांकडून येणारे आजार शोधणारी) मुंबई-दिल्लीलाच बरी, जिल्ह्यात मशीन आणून काय उपयोग. मला उलट वाटतं. खरा प्रश्न अंतराचा नाही, आठवड्यांचा आहे. इथे इंदूरला माझ्या वहिनीची थॅलेसिमियाची (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात झाली. वाहक निघाली, म्हणजे स्वतः आजारी नाही, पण दोष बाळाकडे जाऊ शकतो. मग दादाचं रक्त, मग रिपोर्टची वाट. (दादा वाहक नव्हता, सुटलो.) दोघंही वाहक असते तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि गर्भाची वारेतून होणारी तपासणी साधारण ११ ते १४ आठवड्यांत करतात. ती वेळ कधीच टळून गेली होती.

आता झाबुआ-अलीराजपूरच्या, मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागातल्या बाईचा विचार करा. १ जुलै २०२३ला शहडोलहून सिकलसेल (हाही आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) निर्मूलन मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य. उत्तम! पण हातात तपासणीच्या निकालाचं कार्ड दिलं, 'वाहक' म्हणजे आजारी नव्हे हे तिच्या भिली बोलीत कुणी सांगितलंच नाही, तर पोरीचं लग्न तेवढं मोडायचं. मोठा तज्ज्ञ व्हिडिओवर चालेल हो. गावात मात्र समजावून सांगणारी शिकलेली नर्स हवी, आणि नवरा-बायको दोघांचं रक्त पहिल्याच खेपेला घ्यायला हवं.