मदत हवी आहे: बेकविथ-विडेमान असलेल्या मुलांच्या तपासण्या तुम्ही कशा निभावता?

बेकविथ-विडेमान सिंड्रोम (जन्मतःच असलेला, शरीराची वाढ जास्त करणारा आणि लहानपणी काही ट्यूमरचा धोका वाढवणारा आजार) असलेल्या मुलांच्या नव्या पालकांसाठी मराठीत माहितीपत्रक करतोय, त्यासाठी तुमची मतं हवी आहेत. किडनीचा विल्म्स ट्यूमर झपाट्याने वाढतो, म्हणून साधारण सातव्या वाढदिवसापर्यंत दर ३ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी सांगतात. मधली एक चुकली की लवकर सापडण्याची शक्यता कमी होते. हे पालकांना पटतं.

अडतं ते एएफपीवर (अल्फा-फीटोप्रोटीन, लिव्हरच्या ट्यूमरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन). लिव्हरच्या ट्यूमरसाठी ही रक्ततपासणी काही डॉक्टर पहिली काही वर्षं सांगतात, काही मुळीच नाही. तान्ह्या बाळाचा एएफपी मुळातच हजारोंत असतो, पुढे हळूहळू उतरतो. रिपोर्टवर मात्र बऱ्याचदा मोठ्यांची रेंज छापलेली असते; आकडा ठळक अक्षरात येतो आणि घरचे हादरतात. खरं तर एकट्या आकड्यापेक्षा तो उतरतोय का हे बघायचं, तेही शक्यतो एकाच लॅबमधून.

तुम्ही रक्त काढणं चालू ठेवलंत की थांबवलंत, आणि का? सोनोग्राफीला बाळ रडून पोट घट्ट करतं, तेव्हा काय करता? पाच-सहा वर्षांचं मूल ‘हे कशासाठी?’ विचारतं तेव्हा काय सांगता? तपासणीने धीर येतो की धास्ती वाढते, हेही मोकळेपणाने लिहा.