गाडीचा एअर फिल्टर घरी बदलावा का?

शिवाररस्ता, नाशिक:
नमस्कार. माझी पेट्रोल गाडी रोज दिंडोरीकडच्या कच्च्या रस्त्यांनी द्राक्षबागांपर्यंत जाते आणि उन्हाळाभर बॉनेटखाली धुळीचा थर साचतो. गॅरेजमध्ये दर वेळी एअर फिल्टरला हवा मारून तोच परत बसवतात. एवढे पुरेसे आहे का? नवा फिल्टर घरी बसवण्यात काही धोका आहे का?

जुना मेकॅनिक, सातपूर:
बदलण्यात धोका नाही, नीट न बसवण्यात आहे. इंजिन गार झाल्यावर डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडवून झाकण उचलावे. पुढच्या पाइपावर सेन्सर असेल तर त्याची वायर ताणू नये. जुना फिल्टर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा, म्हणजे नवा उलटा बसत नाही. डब्याच्या तळाशी माती आणि सुका पाला हमखास सापडतो. तो ओलसर फडक्याने टिपून घ्यावा, कारण तिथे हवा मारली तर तीच धूळ इंजिनाकडच्या पाइपात शिरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फिल्टरची रबरी कड खाचेत चहूबाजूंनी सपाट बसली आहे, हे बोट फिरवून पाहावे. ती एका जागी जरी दुमडली तरी हवा कागदाऐवजी त्या फटीतून जाते आणि सोबतचे वाळूचे बारीक कण सिलिंडर व पिस्टन रिंगा झिजवतात.

अंबडकर:
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. कागदी फिल्टरला जोरात हवा मारल्याने कागद फाटण्याची भीती असते आणि घड्यांत रुतलेली बारीक धूळ तरीही निघत नाही. हलक्या हाताने झटकणे ठीक, पण धुणे कदापि नको. काही पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ४०,००० किलोमीटरचा अवधी दिलेला असतो, मात्र धुळीच्या भागात तो कमी करावा असेही तिथेच लिहिलेले असते. आपल्या रस्त्यांवर तर दर सर्व्हिसिंगला फिल्टर उघडून पाहिलाच पाहिजे.

शिवाररस्ता, नाशिक:
मनःपूर्वक आभार. नव्या फिल्टरने मायलेज वाढेल का? आणि एसीचा फिल्टर हाच का?

जुना मेकॅनिक, सातपूर:
इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत येणाऱ्या हवेच्या मानानेच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे मायलेजमध्ये फारसा फरक जाणवणार नाही. फिल्टर फार तुंबलेला असेल तर चढावर आणि ओव्हरटेक करताना पिकअप मात्र सुधारेल. एसीचा फिल्टर वेगळा असून तो बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो.