बैठ्या चाळीतून बिल्डिंगमध्ये आलो आणि घरात आजारपण सुरू झालं, जागेमुळे खरंच असं होतं का?

वैशाली_७९

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण नीट सांगितल्याशिवाय कळायचा नाही. आम्ही मुंबईत पूर्व उपनगरात नाल्याच्या कडेला बैठ्या चाळीत राहायचो, पत्र्याचं छप्पर, पावसाळ्यात पाणी आत, सगळं होतंच. मग रस्ता रुंदीकरणात घर गेलं आणि पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आम्हा पाच जणांना २२५ फुटांची खोली मिळाली. संडास-बाथरूम आत, नळाला पाणी, पक्की भिंत. मी रडले होते आनंदानं.

आता त्याच घरात धाकट्या दिरांना टीबी निघाला. सासूबाई चाळीत दिवसभर दारात बसायच्या, भाजीवालीशी भांडायच्या, चार घरं फिरून यायच्या, त्या आता पलंगावरून उठत नाहीत, लिफ्ट कायम बंद आणि गुडघे दुखतात म्हणून खाली जायचं नाव नाही. मुलगा सहावीत आहे, आधी शांत होता, आता एवढ्या तेवढ्यावरून वस्तू आपटतो, रात्री झोपत नाही.

खिडकी एकच, ती उघडली की समोरच्या विंगची भिंत, हात लांब केला तर जणू लागेल इतकी जवळ. मधल्या गल्लीत वरून लोक सगळं टाकतात, दुधाच्या पिशव्या, डायपर, उष्टं, त्यामुळे उंदीर आणि वास, म्हणून खिडकी बंदच ठेवावी लागते. भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावून भाकरी करते मी. कपडे दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो. नातेवाईक म्हणतात फुकटात पक्कं घर मिळालं, आता कसली कुरकुर. मला एवढंच विचारायचंय की माणूस राहतो कुठे यानं तब्येत आणि स्वभाव खरंच इतका बदलतो का, का आमचंच कुठे चुकतंय? आणि आता करायचं काय?

---

टीबी_ओपीडी

ताई, तुमचं काही चुकत नाहीये हे आधी सांगते. मी छातीच्या ओपीडीत समुपदेशक आहे, पत्ता विचारला की बऱ्याचदा आम्हाला आधीच अंदाज येतो, तीच तीच बिल्डिंगांची नावं परत परत येतात.

टीबी हवेतून पसरतो. पेशंट खोकला की बारीक कण हवेत तरंगत राहतात, खोलीत वारा खेळत असेल तर ते पातळ होऊन बाहेर जातात, ऊन पडत असेल तर जंतू मरतात. तुमच्या खोलीत वारा नाही, ऊन नाही आणि माणसं पाच, म्हणजे तीच हवा सगळे दिवसभर आत-बाहेर घेताय. मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेनं आयआयटी मुंबईच्या लोकांना बरोबर घेऊन अभ्यास केला होता, २०१८ च्या सुमारास त्याच्या बातम्या आल्या. त्यात हेच दिसलं, जिथे बिल्डिंगी एकमेकींना चिकटून तिथे टीबी जास्त, त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त, कारण वरच्यांना थोडा तरी उजेड मिळतो. पीएमजीपीत बिल्डिंगींमध्ये अंतर बरं आहे तिथे त्रास कमी. माणसं त्याच थरातली, कमाई तीच, खाणं तेच.

आता दिरांचं बघा. औषधं चालू झाली असतील तर एकही डोस चुकवू देऊ नका, साधा टीबी सहा महिन्यांत बरा होतो पण मधे बंद केलं की औषधाला दाद न देणारा प्रकार होतो आणि मग फार हाल होतात. औषधं लागू पडायला लागली की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप उतरतो, तोवर मास्क आणि शक्य तर झोपायला वेगळी जागा. घरातल्या बाकी चौघांची तपासणी करूनच घ्या, खोकला नसला तरी. टीबी नाही असं नक्की झालं तर प्रतिबंधक गोळ्या मिळतात, सरकारी केंद्रात फुकट. आणि निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते पैसे खात्यात येतायत का बघा, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत, बऱ्याच जणांचं बँक खातं जोडलेलंच नसतं म्हणून अडकतात.

---

गिरणगावचा

वरचं सगळं पटलं पण एक सांगू का, चाळीतलं सगळं छान होतं आणि बिल्डिंगीत आलो म्हणून बिघडलं असं होऊ नये चर्चेत. माझं अख्खं लहानपण बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी चाळीत गेलं. १६० फुटांची खोली, मजल्यावर सगळ्यांत मिळून संडास, आमच्या घरात आठ माणसं आणि गावाकडून आलेला एखादा पाहुणा कायमचा. गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायच्याही पाळ्या, एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा. टीबी तेव्हाही होता, घरोघर होता, शिवडीच्या हॉस्पिटलचं नाव काढलं की बायका पदर तोंडाला लावायच्या. माझी आई संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही, का तर रात्री संडासला जायला लागू नये, आयुष्यभर लघवीचा त्रास काढला तिनं. तेव्हा घरात संडास मिळाला ही लहान गोष्ट नाही, वैशालीताई तेव्हा आनंदानं रडल्या ते बरोबरच होतं.

पण गॅलरी होती. दार उघडं की मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वारा, आणि कोण आजारी, कोणाच्या पोरानं शाळा बुडवली, कोणाकडे आज चूल पेटली नाही हे न सांगता कळायचं. आजी-आजोबा लोकांना वेगळं कुठे जावं लागत नव्हतं, कठड्यापाशी बसलं की झालं. नवीन बिल्डिंगीत मधला पॅसेज काळोखा, दोन्ही बाजूला दारं आणि प्रत्येक दार बंद. तुमच्या सासूबाईंचे गुडघे चाळीतही दुखत असणार, तिथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की माणसं भेटत होती, इथे त्यासाठी दोन जिने उतरायचे.

---

नकाशा_टेबल

आर्किटेक्ट आहे, पुनर्वसनाचे नकाशे बघितलेत म्हणून लिहितोय, आणि हे लिहिताना खरंच राग येतो कारण हे सगळं या शहराला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि शहर अर्धं रिकामं व्हायची वेळ आली. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, दाट वस्तीतून वारा-उजेड आत यावा म्हणून रस्ते फोडले, दादर-माटुंग्याच्या कॉलन्या आखल्या. (ट्रस्टनं गरिबांची जेवढी घरं पाडली तेवढी बांधली नाहीत, ते पापही त्यांच्याच नावावर आहे, पण तो वेगळा विषय.) त्याच काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. सोप्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात खालच्या खोलीतल्या माणसालाही खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे, आणि त्यासाठी दोन इमारतींतलं अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मं हवं.

आता हिशोब करा. तळ अधिक सात मजल्यांची बिल्डिंग म्हणजे धरा २४ मीटर उंच. त्या जुन्या नियमानं मधे १२ मीटर मोकळे हवेत. नटवर पारेखसारख्या ठिकाणी काही बिल्डिंगींमध्ये अंतर आहे फक्त ३ मीटर. खालच्या मजल्यावरच्या माणसाला आभाळ बघायचं तर जवळपास सरळ वर मान करायला लागेल. हे चुकून झालेलं नाही, पुनर्वसनाच्या योजनेत बाजूच्या मोकळ्या जागेची अट मुद्दाम सैल केली, कारण तेवढ्याच जमिनीत जास्त घरं बसली की विकायला जास्त चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाची जागा उरते. विकायच्या टॉवरमधे मात्र कोणी ३ मीटरवर भिंत चालवून घेणार नाही, तिथे पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर झाडं पण लावतात.

घराचा आकार वाढला हे खरंय, २२५ वरून २६९ आणि मग ३०० फूट. पण सगळी भांडणं फुटांवरच झाली, उजेडावर कोणी मोर्चा काढला नाही. २६९ फुटांची काळोखी खोली ही काळोखी खोलीच.

---

वैशाली_७९

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांची औषधं चालू आहेत, आमची तपासणी या आठवड्यात करतो. आभाळाचा नियम वाचून घरच्यांना पण दाखवला, आमच्या खिडकीतून आभाळ दिसतच नाही. पण मुलाचं काय? तो तर आजारी नाहीये, मग चिडचिड कशानं? शाळेत बाई म्हणाल्या लाड जास्त झालेत.

---

वस्तीशाळा

लाड नाहीत हो ताई. मी अशाच वसाहतींमध्ये मुलांबरोबर काम करते. चाळीत असताना तो शाळेतून आला की दप्तर टाकून किती वाजेपर्यंत बाहेर असायचा आठवून बघा. आता खाली उतरला की दोन बिल्डिंगींच्या मधे बाइका लागलेल्या, कोपऱ्यात मोठी पोरं नशा करत बसलेली, तुम्हीच म्हणत असाल वर ये. मग २२५ फुटांत एक आजारी काका, एक पडून असलेली आजी, टीव्ही, गॅस, आणि तो. अंगातली ताकद जाणार कुठे? रात्री खोली तापलेली, हवा नाही, झोप अर्धवट, सकाळी पाचला पाण्याची गडबड. झोप न झालेलं मूल चिडचिडच करतं, याला स्वभाव म्हणू नका.

याच विषयावर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झालाय तो मला कायम आठवतो. १९९४ ते ९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या सरकारी वस्त्यांमधल्या गरीब कुटुंबांची चिठ्ठ्या टाकून निवड केली, काहींना बऱ्या वस्तीत भाड्यानं राहायला मदत दिली, काहींना नाही. दहा-पंधरा वर्षांनी बघितलं तर हललेल्या मोठ्या माणसांची कमाई काही वाढली नव्हती, पण फार मोठा लठ्ठपणा आणि मधुमेह त्यांच्यात कमी होता, मनावरचा ताणही कमी होता. म्हणजे पैसा तोच, जागा बदलली आणि शरीरात फरक पडला. ज्यांना शंका येते की हे सगळं गरिबीमुळेच असतं, जागेचा काय संबंध, त्यांना मी हेच सांगते.

पण त्यातच दुसरी गोष्टही निघाली. वयात येणाऱ्या मुलींना नवीन जागेत बरं वाटलं, मुलग्यांचं मात्र उलट झालं, नैराश्य आणि वागण्यातल्या तक्रारी वाढल्या. जागा चांगली मिळूनही. मुलग्यांची नवीन ठिकाणी मुळं लवकर धरत नाहीत असं मला कामातही दिसतं, मुलगी शेजारच्या घरात जाऊन बसते, मुलग्याला टोळी लागते, मैदान लागतं. तुमच्या मुलाचे तर मित्र पण गेले आणि जागाही वाईट मिळाली. जुन्या चाळीतली त्याची मुलं आता कुठे राहायला गेलीत शोधा, रविवारी भेटवा. जवळ पालिकेचं मैदान असेल, एखादा कबड्डीचा संघ असेल तिथे घाला, फी नसते बऱ्याच ठिकाणी. शाळेतल्या बाईंना घर दाखवायला बोलवा, खरंच बोलवा, माझ्या अनुभवात एकदा खोली बघून गेलेल्या शिक्षिका परत लाड हा शब्द काढत नाहीत.

---

नकाशा_टेबल

करायचं काय यावर थोडं, कारण बिल्डिंग काही हलणार नाहीये.

मोरीच्या किंवा स्वयंपाकाच्या वरच्या झडपेत एक्झॉस्ट फॅन लावा, हवा बाहेर फेकणारा, पण तो नुसता लावून भागत नाही, दुसऱ्या बाजूनं हवा आत यायला वाट पाहिजे. मुख्य दाराला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर बसवा म्हणजे लाकडी दार उघडं ठेवता येईल. पॅसेजच्या टोकाची खिडकी कोणी पत्रा किंवा सामान लावून बंद केली असेल तर ती आधी मोकळी करून घ्या, आख्ख्या मजल्याचा वारा तिथे अडतो. दिरांचं अंथरूण खिडकीकडे, आणि पंखा असा की हवा त्यांच्याकडून खिडकीबाहेर जाईल, तुमच्या अंगावर नाही. भिंतींना आणि छताला पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्या, आहे तो उजेड तरी खोलीभर पसरतो.

मधल्या गल्लीचा कचरा हे सगळ्यात महत्त्वाचं. ती साफ झाली तरच खिडकी उघडेल आणि खिडकी उघडली तरच बाकीचा उपयोग. एकट्यानं भांडू नका, दोन्ही विंगच्या बायकांची सही घेऊन सोसायटी आणि वॉर्ड ऑफिस दोघांना एकच अर्ज द्या, त्यात बिल्डिंगमध्ये टीबीचे किती पेशंट आहेत ते लिहा, नावं न घालता. लिफ्टचा मुद्दा त्याच अर्जात टाका. कचऱ्याच्या तक्रारीला कोणी विचारत नाही, टीबीचा आकडा लिहिला की आरोग्य खात्याला यावं लागतं.

---

टीबी_ओपीडी

नकाशा_टेबल यांच्या अर्जाला माझा पाठिंबा, आणि ताई, सासूबाईंची तपासणी पहिल्यांदा करा, त्या दिवसभर त्याच खोलीत दिरांबरोबर असतात. वय झालेल्यांना बऱ्याचदा खोकला फार नसतो, नुसती भूक मरते, वजन उतरतं आणि पडून राहावंसं वाटतं. गुडघ्यांवर ढकलून सोडून देऊ नका. एक्स-रे आणि थुंकी दोन्ही. लिफ्ट बंद असेल तर दोन पोरांना सांगून खुर्चीत बसवून खाली आणा, पण नेमकं याच आठवड्यात आणा.