बाळदमा होता, आता फौजेत जायचंय: अनुभव सांगा

मुलगा बारावीला आहे, एनडीएसाठी हटून बसलाय. दुसरीपर्यंत दर पावसाळ्यात त्याची छाती भरायची. नेब्युलायझर, रात्र रात्र मांडीवर उभं धरून बसणं, सगळं केलंय. शेवटचा पंप आठव्या वर्षी. आता सिंहगड न थांबता चढतो. घरात मात्र दोन तट. सासरे म्हणतात, "दुसरीतलं कोण विचारतंय? सांगूच नका." माझं मन घेत नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी लिहा. काढे सुचवू नका, पिऊन झालेत.

माजी सैनिक, खटाव

आमच्याकडं दमा म्हणायचे नाहीत, "पोराला धाप लागती" एवढंच. आज्यानं सलग तीन वर्षं मृगाला हैदराबादला नेलं. पिवळं औषध भरलेला जिता मरळ. नाक दाबलं की तोंड उघडतंच. घशातून वळवळत गेलेला तो मासा अजून आठवतो. धाप त्यानं गेली की वयानं, देव जाणे.

२००४ ला भरतीला उभा राहिलो. १.६ किलोमीटर आरामात काढलं, गाडी अडली छातीवर. ७७ सेंटिमीटर हवी आणि फुगवून ५ वाढायला हवी. टेप लावणारा ओरडला, "फुला!" मी श्वास ओढला आणि ऐनवेळी खोकला आला. सगळी रांग हसली. दुसऱ्यांदा जमलं. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून विचारलं, "बचपन में दमा था?" म्हटलं, था साहब, सात-आठ साल तक. जागेवर पळायला लावलं, परत ऐकलं, फिट लिहिलं. लेहला दोन वर्षं काढली, काही नाही. त्रास पुन्हा सुरू झाला तो पस्तिशीनंतर, उत्तरेतल्या धुक्यात. मेडिकल कॅटेगरी खाली आली, नोकरी राहिली. ताई, गेलेला दमा परत येऊ शकतो, हे पोराला आत्ताच सांगा.

नाव नको

मी लपवलं होतं. फॉर्मवर 'नाही' लिहून सही. ट्रेनिंगला पंप मोज्यात ठेवायचो. चौथ्या महिन्यात फायरिंग रेंजच्या धुळीत दम्यानं धरलं. पंप काढायला वाकलो आणि तसाच बसलो. दवाखान्यात सगळं बाहेर आलं. घरी पाठवलं. गावात सांगितलं, पाय मोडला. यापुढे लिहवत नाही.

छातीरोगाचा डॉक्टर, नाशिक

पाच वर्षांखालच्या बऱ्याच मुलांना सर्दी झाली की छातीत शिट्टी वाजते. त्यातल्या पुष्कळांची ती मोठेपणी बंद होते. तरी जुन्या चिठ्ठ्यांवर सरसकट 'अस्थमा' लिहिलेलं असतं, आम्हीच लिहितो. म्हणून आधी फाईल काढा: निदान कुणी केलं, अ‍ॅडमिट किती वेळा, शेवटचं औषध कधी. मग फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, औषधाआधी आणि औषधानंतर. पळाल्यावर छाती आवळते का तेही बघून घ्या. आणि मेडिकलच्या सकाळी गुपचूप पंप मारून जाणारे भेटतात, ते कृपा करून नको.

सोलापूरची मुलगी

माझा किस्सा कडू आहे. एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतींचे, पाच दिवस पार केले, रेकमेंड झाले, आई स्टेशनवर पेढे घेऊन आली. मेडिकलला खरं सांगितलं: दहाव्या वर्षापर्यंत वारंवार अ‍ॅटॅक, दोनदा अ‍ॅडमिट. अनफिट. अपीलला ४२ दिवस मिळतात, अपील केलं. स्पायरोमेट्री नॉर्मल आली, तरी निर्णय तोच. मी एअर फोर्ससाठी गेले होते आणि त्यांच्या निकषांत वारंवार दमा किंवा घरघर झाल्याचा इतिहास हे नाकारण्याचं कारण म्हणून सरळ लिहिलेलं आहे. ते मी आधी वाचलं नव्हतं. फॉर्म भरण्याआधी वाचा हो! राग येतो तो नियमाचा नाही, क्लासमध्ये वर्षभर "बिनधास्त जा" म्हणणाऱ्यांचा.

न्यू जर्सीतला बाप

इथल्या, अमेरिकेच्या फौजेची रेघ वेगळी आहे. तेराव्या वाढदिवसाआधीचा दमा आड येत नाही, नंतरचा येतो. लेकाला चौदाव्या वर्षी फ्लूनंतर खोकला राहिला, डॉक्टरांनी सहज इनहेलर लिहून दिला. डबा फोडलाही नव्हता. २०२२ पासून भरतीवाल्यांना जुने वैद्यकीय रेकॉर्ड थेट दिसतात. ती एक नोंद निघाली आणि सवलतीच्या अर्जात सात महिने गेले. मिळाली शेवटी. तो डबा त्याच्या आईनं अजून टाकलेला नाही.

धागा काढणारी

फाईल माळ्यावर लग्नाच्या अल्बमखाली सापडली. आठ पानं, तीन डॉक्टर. पहिल्याच चिठ्ठीवर 'बाळदमा' आणि पुढे प्रश्नचिन्ह. बाकी दोघांनी प्रश्नचिन्ह गाळून तेच पुढं उतरवलंय. अ‍ॅडमिट एकदाच, तिसऱ्या वर्षी. मुलानं सगळ्या तारखा वहीत लिहून घेतल्या, सोमवारी फुंकायची टेस्ट आहे. सासरे अजून बोलत नाहीत, पण फाईलची पानं त्यांनीच डिंकानं चिकटवून दिली.