ओकमध्ये मुरलेली शार्डोने आणि माझं फसलेलं कालवण

कोथरूडकर: मंडळी, मेहुण्याने फ्रान्समधल्या बरगंडीची शार्डोने आणली, म्हणजे ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली पांढरी वाईन. रविवारी फ्रिजमधून काढली, लगेच ओतली, सोबत सुरमईचं झणझणीत कालवण. जीभ पेटली! वाईनला नुसता लाकडाचा वास. बायको म्हणाली, "सुताराकडे जेवायला बसल्यासारखं वाटतंय." अर्धी बाटली उरलीये. काय करू?

पेठेतला: चूक कालवणाची. अल्कोहोलने तिखट आणखी भाजतं. आणि इतकी गार प्यायलात तर वास दबतात, लाकूडच पुढे येतं. फ्रिजबाहेर २० मिनिटं ठेवा. १०-१३ अंश बरं. मग व्हॅनिला, खोबरं, भाजलेला पाव असे वास सापडतील, ते पिंपाचे. लोण्याचा वास मात्र पिंपाचा नव्हे! जिवाणू वाईनमधल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा डायअसिटिल नावाचं लोण्याच्या वासाचं द्रव्य तयार होतं, त्याचा तो.

औंधची सुगरण: गणेश पेठेतून पापलेट आणा, लोणी-लसणात परता, मसाला अजिबात नको. शाकाहारी असाल तर काजूच्या ग्रेव्हीतलं पनीर. सिंहगडावर खातो तसं भाजलेलं कणीसही झकास, फक्त तिखटाऐवजी लोणी चोळा. उघडी बाटली बूच लावून फ्रिजात, दोन-तीन दिवसांत संपवा.

कोथरूडकर: पापलेट महाग होतं, कणसावरच भागवलं. लोण्याला लोणी भेटलं हो! बायकोने दुसरा ग्लास मागितला. सुताराचं नाव नाही काढलं.