मदत हवी आहे: 'दोन्ही ठोकळे लागतात' असा नियम असलेली पेटी कशी बनवावी?

वर्तकनगरच्या (ठाणे) एका बालवाडीतल्या ४-५ वर्षांच्या मुलांसाठी पेटी बनवतोय. कल्पना मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गॉपनिक आणि डेव्हिड सोबेल यांच्या २००० सालच्या 'ब्लिकेट डिटेक्टर'ची: ठरावीक ठोकळा ठेवला की पेटी वाजते, ती कशामुळे वाजते हे मुलांनी शोधायचं.

एका ठोकळ्याची पेटी झाली. ९ व्होल्टची बॅटरी, बझर, झाकणाखाली रीड स्विच (चुंबक जवळ आलं की लागणारा स्विच), ठोकळ्याच्या बुडात चपटं गोल चुंबक. (सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं.) एक खोट: चुंबक बरोबर स्विचच्या मध्यावर आलं की स्विच लागत नाही, टोकाकडे सरकवलं की लागतो. मग मुलं ठोकळा सोडून 'कुठे ठेवला' यालाच कारण धरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही!

आता 'दोन्ही मिळून' हा नियम हवाय: दोन ठरावीक ठोकळे एकत्र ठेवले तरच पेटी वाजावी. २०१४ च्या एका अभ्यासात असा नियम ओळखण्यात ही चिल्लीपिल्ली मोठ्यांपेक्षा सरस ठरली होती. दोन रीड स्विच सिरीजमध्ये (एकापुढे एक, दोन्ही लागले तरच वीज जाईल असे) जोडले, तर जागा ठरून जातात. शिवाय शेजारचे ठोकळे एकमेकांना चिकटतात आणि गुपित फुटतं.

विचारायचंय ते असं:
चुंबक सोडून वजनावर चालणारा स्विच भरवशाचा ठरेल का? पण मग 'जड ते वाजतं' हे मुलं हातानेच ओळखतील. की सरळ टेबलाखाली ताईंच्या हाती बटण द्यावं? तसं केलं तर मुलांची नजर ताईंच्या खांद्याकडे जाऊ नये म्हणून बटण पायाशी ठेवणारं कुणी आहे का?