अधांतरी तरंगणारं काही पाहिलंय का? मराठवाडाकरांनो, अनुभव लिहा

जत्रेत, शाळेत, मठात, प्रयोगशाळेत, कुठंही पाहिलं असेल तर सांगा. काय दिसलं आणि पुढं त्याचं काय कळलं, दोन्ही हवंय. श्रद्धेनं पाहिलं असेल तर तसंच लिहा.

लोहा : माळेगावच्या यात्रेत खंडोबाचं दर्शन झालं की आम्ही लेकरं जादूच्या तंबूत घुसायचो. निजलेली बाई हळूहळू वर जायची आणि जादूगार तिच्याभोवती कडं फिरवायचा. पुढं मी मंडपाच्या कामाला लागलो, तेव्हा मागची बाजू दिसली. पडद्याआडून आलेली लोखंडी दांडी बाईखालच्या फळीला धरते, आणि ती हंसाच्या मानेसारखी वळवलेली असते. त्या वळणामुळं कडं दोनदा फिरवलं की आरपार गेल्यासारखं वाटतं. ती बाई मात्र अंग ताठ धरून तशीच पडून असते. तिच्या मेहनतीला मी आजही मानतो.

परभणी : आमच्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी काठीवर हात टेकून हवेत बसलेला बुवा दाखवला आणि मग कफनी वर केली. काठीत सळई, बाहीतून गेलेला पट्टा, त्याला बसायची पाटी, सतरंजीखाली जड पत्रा. १८३० च्या सुमारास मद्रासेत शेषल नावाचा माणूस असाच बसायचा म्हणे.

पैठण : माझी माय आपेगावची. चांगदेव वाघावर आले आणि ज्ञानोबा भावंडांसह भिंतीवर बसून सामोरे गेले, हे तिनं सांगितलं तसंच मी लेकराला सांगते. उडून दाखवतो म्हणून पैसे मागणाऱ्याला मात्र दारात उभं करत नाही.

लातूर : मी भौतिकशास्त्र शिकवते. पेन्सिलीत ओवलेलं चुंबकाचं कडं खालच्या कड्यावर तरंगतं, पेन्सिल काढली की पलटी खातं. नुसत्या स्थिर चुंबकांनी स्थिर तरंगणं जमत नाही, हे अर्नशॉ या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ मध्येच दाखवलं. पण पाण्यासारख्या प्रतिचुंबकीय, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर ढकलल्या जाणाऱ्या पदार्थांना हा अडसर नाही, आणि बेडकाच्या अंगात बरंचसं पाणीच असतं. म्हणून १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम यांनी सुमारे १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला. तार नाही, पडदा नाही! वर्षातला हा तास मला सगळ्यात प्रिय.

वेरूळ : कैलास लेण्याच्या भिंतीवरच्या उडत्या आकृती जरूर बघा. पाय मागं दुमडलेले.

लोहा : लातूरच्या ताई, मग माणूस का तरंगवत नाहीत?

लातूर : दादा, त्या चुंबकाची पोकळी जेमतेम ३२ मिलिमीटरची होती. माणूस मावेल एवढ्या जागेत तितकं क्षेत्र उभं करणं अजून जमलेलं नाही.